जुन्या शस्त्रांचे सुटे भाग आणि लिलावातील संशयास्पद बोली

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील शस्त्रास्त्रांचा संग्रह करणारा जो मोठा वर्ग आहे, त्यात तेथे स्थायिक झालेले मराठी वाचकही कोणी असतील; आणि ज्यांना हा छंद नाही, परंतु जुनी नाणी, तिकिटे, कॅमेरे किंवा घड्याळे यांच्यासाठी जे इंटरनेटवरील लिलावात अधूनमधून उतरतात, त्यांनाही या बाजाराचे अंतरंग परके वाटणार नाही. या लिलावांत एखाद्या लाकडी दस्त्याची किंवा हाताच्या तळव्यात मावेल एवढ्या लोखंडी तुकड्याची किंमत पाहता पाहता दुपटी-तिपटीने चढते, आणि ती चढवणारा समोरचा मनुष्य खरा ग्राहक आहे की विक्रेत्यानेच उभा केलेला हस्तक आहे, याचा उलगडा साध्या डोळ्यांना होत नाही. तो कसा करावा आणि आपला खिसा कसा राखावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ही किंमत मुळात कोठून येते ते पाहिले पाहिजे, कारण प्रत्येक चढ्या भावामागे लबाडी असतेच असे समजणारा ग्राहक लबाडीला बळी पडणाऱ्या ग्राहकाइतकाच अडाणी ठरतो. उदाहरणादाखल एम1 कार्बाइन घेऊ. ही हलकी रायफल अमेरिकन सैन्याने ऑक्टोबर 1941 मध्ये मंजूर केली आणि ऑगस्ट 1945 पर्यंतच्या जेमतेम चार वर्षांत तिचे 60 लाखांहून अधिक नग तयार झाले. परंतु हे प्रचंड काम कोणा एका कारखान्याच्या हातून झाले नसून ते दहा मुख्य कंत्राटदारांत वाटले गेले होते, आणि त्या दहांत बंदुकांच्या धंद्यात पूर्वीपासून मुरलेली अशी विंचेस्टर ही एकच कंपनी होती. बाकीच्यांत जनरल मोटर्सचा डेटन येथील इनलँड विभाग होता, टंकलेखन यंत्रे बनवणारी अंडरवुड होती, हिशेबाची यंत्रे बनवणारी आयबीएम होती, आणि उपाहारगृहांत नाणे टाकले की गाणे वाजवणारे ज्यूकबॉक्स बनवणारी शिकागोची रॉक-ओलाही होती. या प्रत्येकाने आपापल्या भागांवर आपापली सांकेतिक अक्षरे उमटवली. युद्ध संपल्यावर सरकारी शस्त्रागारांत या कार्बाइनी खोलण्यात आल्या, साफ झाल्या आणि पुन्हा जोडल्या गेल्या. त्या वेळी कोणता बोल्ट कोणत्या रिसीव्हरमध्ये, म्हणजे बंदुकीच्या मुख्य सांगाड्यात, जातो याची फिकीर करण्याचे कारण कोणालाच नव्हते, कारण सारे भाग एकमेकांत बसावेत हीच मूळ शर्त होती. 1963 मध्ये सरकारने यांतील पुष्कळ कार्बाइनी नॅशनल रायफल असोसिएशनच्या सभासदांना 20 डॉलरला एक या भावाने विकल्या, तेव्हाही कोणी भिंगातून अक्षरे वाचत बसले नव्हते.

पुढे संग्राहकांची पिढी तयार झाली आणि आपल्या कार्बाइनीतला प्रत्येक भाग रिसीव्हर ज्या कारखान्याचा त्याच कारखान्याचा असावा, असा हव्यास तिला जडला. इनलँडने 26 लाखांवर कार्बाइनी केल्या, तर रॉक-ओलाने सुमारे 2 लाख 28 हजार. म्हणजे रॉक-ओलाच्या भागाची दुर्मिळता निव्वळ त्रैराशिकाने साडेअकरा पटींच्या घरात जाते, आणि त्यात ज्यूकबॉक्सच्या कारखान्यातून निघालेली रायफल ही कथाच इतकी मोहक आहे की, भाव त्याहूनही चढला तर नवल नाही. अशा भागासाठी न्यू मेक्सिकोतला एक आणि मेनमधला दुसरा असे दोन हट्टी संग्राहक शेवटच्या घटकेला भिडले, तर पाहणाऱ्याला जे कारस्थान वाटते ते केवळ दोन माणसांचे वेड असते. या हव्यासाबद्दल माझे स्वतःचे मत फारसे अनुकूल नाही. युद्धकाळात उत्पादन खोळंबू नये म्हणून एका कंत्राटदाराकडचे भाग दुसऱ्याकडे पाठवण्याची व्यवस्था अस्तित्वात होती आणि त्यासाठी कंत्राटदारांची एक एकत्रित समितीच काम करीत होती; तेव्हा कारखान्यातून बाहेर पडतानाच कित्येक कार्बाइनींच्या अंगावर परक्यांची अक्षरे होती, आणि आज अशी अस्सल मिश्र कार्बाइन बिघडवून तिला ‘शुद्ध’ करण्यासाठी लोक शेकडो डॉलर मोजतात. हे काम आरंभण्यापूर्वी लागणाऱ्या सर्व भागांच्या चालू किमतींची बेरीज कागदावर मांडून पाहावी. ती बेरीज बहुतेक वेळा मुळापासून अखंड राहिलेल्या कार्बाइनीच्या किमतीपुढे जाते. म्हणूनच काही व्यापारी धडधाकट रायफल विकत घेऊन ती खोलतात आणि तुकड्या-तुकड्याने विकतात.

चढ्या भावामागे नकली मालही असू शकतो. रॉक-ओलाच्या दस्त्यात स्लिंग अडकवण्याच्या खाचेत आरएमसी ही अक्षरे असतात आणि बाहेरच्या बाजूस आडव्या-तिडव्या तोफांचा सरकारी शिक्का असतो. हे दोन्ही ठसे आज कोणालाही करवून घेता येतात. म्हणून छायाचित्रात त्या शिक्क्याकडे पाहताना त्याच्या कडांकडे पाहावे: ऐंशी वर्षे हाताळलेल्या लाकडावर ओरखडे, पोचे आणि तेलाचे डाग असावेत, आणि शिक्का तेवढा काल उमटवल्यासारखा धारदार असावा, हे संभवत नाही. खरा शिक्का लाकडाबरोबरच झिजतो आणि त्याच्या खोलगट भागात तेल व मळ साचून काळसर रेघ बनते; घासून गुळगुळीत केलेल्या दस्त्यावर नंतर ठोकलेला शिक्का मात्र ओरखड्यांच्या वरून जातो. विक्रेत्याकडे खाचेचे जवळून आणि तिरप्या उजेडात घेतलेले छायाचित्र मागावे. ते देण्यास जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे बोली लावू नये. घडीच्या दस्त्याची एम1ए1 ही हवाई छत्रीधारी सैनिकांची कार्बाइन फक्त इनलँडने केली, आणि तिच्या दस्त्याच्या हुबेहूब प्रतिकृती बाजारात इतक्या आहेत की, त्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये.

येथेच कायद्याची गोष्ट सांगून टाकतो. अमेरिकेच्या 1968 च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे रायफलीचा रिसीव्हर हाच कायद्याच्या दृष्टीने ‘बंदूक’ आहे; दस्ता, साइट, स्लिंग, तेलाची कुपी हे भाग परवानाधारक विक्रेत्याच्या मध्यस्थीशिवाय घेता येतात. परंतु एच-1बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी नागरिकास, शिकारीचा वैध परवाना यांसारखे ठरावीक अपवाद सोडले, तर बंदूक आणि दारूगोळा बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे, हे आपल्या मंडळींनी विशेष लक्षात ठेवावे. ‘सुटा भाग’ म्हणून घेतलेली वस्तू प्रत्यक्षात रिसीव्हर निघाली तर प्रकरण गंभीर होते. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी येथे दहापेक्षा अधिक गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी आहे, आणि कार्बाइनीचे नेहमीचे मॅगझिन पंधरा गोळ्यांचे असते. शिवाय न्यू जर्सीच्या कायद्यातील निषिद्ध शस्त्रांच्या यादीत एम1 कार्बाइनीचा प्रकारही नावानिशी आहे. साध्या कार्बाइनीचे एम2 या स्वयंचलित कार्बाइनीत रूपांतर करणारे भाग स्वस्तात दिसले तरी त्यांना हात लावू नये, कारण असा संच कायद्याने मशीनगन समजला जातो. आणि पुण्या-मुंबईतील वाचकांनी हा माल टपालाने मागवण्याचा विचारही मनात आणू नये. आपल्या 1959 च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्रे’ या संज्ञेच्या व्याख्येतच शस्त्रांच्या भागांचा समावेश आहे, त्यांच्या आयातीस परवाना लागतो, आणि पूरक भागांबरोबर वापरण्याचा हेतू नसलेले किरकोळ भाग बाळगण्याबाबत त्याच कायद्यात जी सूट आहे, तिच्या भरवशावर जकात अधिकाऱ्यांशी हुज्जत घालणे शहाणपणाचे नाही.

आता लिलावाच्या यंत्रणेकडे वळू. ईबे या संकेतस्थळाने 1999 मध्ये बंदुकांच्या विक्रीस आणि 2007 मध्ये गोळी झाडण्यास आवश्यक अशा भागांच्या विक्रीसही बंदी केली. म्हणून तेथे दस्ते, साइट, स्लिंग असा माल मिळतो, आणि नळ्या, बोल्ट, घोडे इत्यादी गनब्रोकरसारख्या खास स्थळांवर विकले जातात. दोन्हीकडे स्वयंचलित बोलीची पद्धत आहे. आपण आपली कमाल मर्यादा गुप्तपणे नोंदवतो आणि यंत्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर एकच पायरी चढवून आपल्याला आघाडीवर ठेवते. समजा, एका दस्त्यासाठी आपण 200 डॉलरची मर्यादा ठेवली आणि दुसऱ्या खऱ्या ग्राहकाची धाव 120 डॉलरवर संपली, तर ईबेच्या पायऱ्यांप्रमाणे भाव 122 डॉलर 50 सेंटवर स्थिर राहिला पाहिजे. आपल्या मर्यादेतले उरलेले 77 डॉलर 50 सेंट ही बनावट बोली लावणाऱ्याची खरी लूट होय. दस्त्यात त्याला रस नसतो, आपली गुप्त मर्यादा हुडकून काढण्यात असतो.

तो ती कशी हुडकतो, हे बोलींच्या इतिहासाच्या पानावर वाचता येते. त्या पानावर ग्राहकांची नावे झाकलेली असतात, दोन अक्षरे आणि मध्ये तारे एवढेच दिसते. परंतु प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या अभिप्रायांची संख्या, बोलीची रक्कम आणि वेळ सेकंदापर्यंत नोंदलेली असते. वरील उदाहरणात आपल्याला असे दिसेल की, लिलाव संपण्यास अजून दोन दिवस असताना, ज्याच्या नावे एकही अभिप्राय नाही अशा कोणा ग्राहकाने 125, 135, 145, 155 असे टप्पे मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने टाकले आहेत, प्रत्येक वेळी यंत्राने आपली बोली त्याच्यावर चढवली आहे, आणि 195 वर येऊन तो एकाएकी थांबला आहे. याहून धीट हस्तक एकदम भलतीच मोठी रक्कम टाकतो, आपली मर्यादा ओलांडली गेल्याने ती उघडी पडते, मग ‘आकडा चुकला’ या सबबीवर तो स्वतःची बोली मागे घेतो, आणि थोड्याच वेळाने दुसऱ्या नावाचा कोणी आपल्या मर्यादेच्या किंचित खाली येऊन उभा राहतो. मागे घेतलेल्या बोलींची नोंदही त्याच पानावर असते, आणि ती पाहिल्यावाचून कोणत्याही चढ्या भावाबद्दल मत बनवू नये.

एवढ्यावरून निकाल देण्याची मात्र घाई करू नये. नवशिके ग्राहकही असेच मिनिटा-मिनिटाला थोडेथोडे चढतात, कारण स्वयंचलित बोलीची रीत त्यांना उमगलेली नसते. शून्य अभिप्राय हा नवखेपणाचाही पुरावा असतो. ग्राहकाच्या नावावर टिचकी मारली असता त्याच्या गेल्या तीस दिवसांतील बोलींपैकी किती टक्के याच विक्रेत्याकडे लागल्या, हेही कळते. सामान्य मालाच्या बाबतीत हा आकडा सत्तर-ऐंशीच्या घरात असला तर संशयास जागा असते. परंतु रॉक-ओलाचे भाग सातत्याने विकणारे विक्रेतेच जेथे थोडे, तेथे प्रामाणिक संग्राहकाच्या बोली एकाच दुकानी पडणे स्वाभाविक आहे. म्हणून मी स्वतः सर्वाधिक वजन देतो ते एका वेगळ्याच लक्षणाला: हा मनुष्य कधी जिंकतो का? ज्याला वस्तू हवी असते तो उशिरा येतो, कधी हरतो, कधी जिंकतो आणि जिंकल्यावर पैसे भरतो. ज्याला केवळ भाव चढवायचा असतो तो लवकर येतो, त्याच विक्रेत्याच्या लिलावामागून लिलावात दिसतो, शेवटच्या मिनिटांत नाहीसा होतो आणि कधीच जिंकत नाही. चुकून जिंकलाच, तर तीच वस्तू त्याच छायाचित्रांसह आठवड्याभरात ‘ग्राहकाने पैसे भरले नाहीत’ या टिपणीने पुन्हा लिलावात येते. अशी दोन-तीन लक्षणे एका विक्रेत्याच्या निरनिराळ्या लिलावांत आढळली, तर पुढे चर्चेचे कारण उरत नाही.

हा प्रकार किती पद्धतशीर असू शकतो याचे एक उदाहरण अमेरिकन न्यायालयाच्या दप्तरी आहे. सन 2000 मध्ये रिचर्ड डीबेनकॉर्न या विख्यात चित्रकाराची स्वाक्षरी वाटावी अशी अक्षरे असलेले एक चित्र ईबेवर 1 लाख 35 हजार डॉलरच्या वर गेले. चौकशीअंती निष्पन्न झाले की, विक्रेता वकील आणि त्याचे दोन साथीदार यांनी चाळीसहून अधिक नावांची खाती उघडून शेकडो लिलावांत एकमेकांच्या मालावर बोली लावल्या होत्या. पुढील वर्षी त्यांच्यावर संघीय गुन्हे दाखल झाले. तेव्हा आपल्यासमोरचा हस्तक म्हणजे विक्रेत्याचा एखादा मेहुणा असेल असे न समजता, परस्परांस मदत करणाऱ्या विक्रेत्यांची टोळीही असू शकते, हे ध्यानात ठेवावे. अशी टोळी असली की एकाच विक्रेत्याकडील टक्केवारी कमी दिसते आणि फसगत अधिक सहज होते.

बचावाची रीत साधी आहे, पण तिला संयम लागतो. बोली लावण्यापूर्वी त्याच प्रकारच्या भागांचे संपलेले आणि प्रत्यक्ष विक्री झालेले लिलाव पाहावे. ईबेवर सुमारे नव्वद दिवसांपर्यंतचे निकाल मिळतात. मागितलेल्या किमतींना कवडीचे मोल नाही, विकल्या गेलेल्या किमतींना आहे. त्यांतही सर्वांत वरची आणि सर्वांत खालची सोडून मधल्या किमतींवरून आपली रक्कम ठरवावी, तीत टपालखर्च आणि कर धरावा, आणि ती कागदावर लिहून ठेवावी. मग ती रक्कम एकदाच, आणि ईबेसारख्या ठरल्या क्षणी बंद होणाऱ्या लिलावात शेवटच्या काही सेकंदांत नोंदवावी. ज्याला आपली मर्यादा हुडकायची आहे त्याला हुडकण्यास वेळच उरत नाही. गनब्रोकरवर ही युक्ती चालत नाही, कारण तेथे अखेरच्या पंधरा मिनिटांत बोली आली की लिलाव पुढे सरकतो आणि सलग पंधरा मिनिटे शांतता झाल्यावरच संपतो. तेथे कागदावरचा आकडा हाच एकमेव आधार. तो ओलांडला गेला की पान बंद करून उठावे. विक्रेत्याने वर्णनात नॉर्मंडीला उतरलेल्या आजोबांची हकिगत लिहिली असेल, तर ती आवडीने वाचावी. तिच्यापोटी एक डॉलरही वाढवू नये, कारण हकिगतीवर कारखान्याची अक्षरे नसतात.

लिलाव हरल्यानंतर एक-दोन दिवसांत विक्रेत्याकडून ‘पहिल्या ग्राहकाने माघार घेतली, आपल्या बोलीच्या रकमेत वस्तू देतो’ असा प्रस्ताव आला, तर तो प्रामाणिकही असू शकतो. परंतु जिंकणारा वरील लक्षणांचा असेल, तर हस्तकाचा हिशेब चुकून माल त्याच्याच गळ्यात पडला असण्याचा संभव अधिक. अशा वेळी संशयित बोली वगळून राहणारा भाव आपण काढावा आणि विक्रेत्याला तेवढेच लिहून कळवावे. वरच्या उदाहरणात तो 122 डॉलर 50 सेंट होईल. विक्रेता पुष्कळदा गप्प बसतो, कधी मान्यही करतो. प्रस्ताव संकेतस्थळाच्या निरोपपेटीतून न येता परभारे ई-मेलने आला, किंवा पैसे अन्य मार्गाने पाठवण्यास सांगितले, तर उत्तरच देऊ नये.

माल घेऊन झाल्यावर लबाडी उघडकीस आली तर ग्राहक अगदीच निराधार नाही. अमेरिकेतील युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या 2-328 या कलमात अशी तरतूद आहे की, विक्रेत्याच्या वतीने बोली लावण्याचा हक्क आधी जाहीर केला नसताना अशी बोली जाणूनबुजून घेतली गेली, तर खरेदीदार व्यवहार रद्द करू शकतो, किंवा शेवटच्या प्रामाणिक बोलीच्या किमतीस माल स्वतःकडे ठेवू शकतो. आपल्याकडे 1930 च्या माल विक्री अधिनियमाच्या कलम 64 प्रमाणे, भाव चढवण्यासाठी दिखाऊ बोली वापरली गेल्यास विक्री रद्द करण्याचा पर्याय खरेदीदाराला आहे. शिवराई नाणी किंवा जुनी टपाल तिकिटे यांच्या लिलावांत उतरणाऱ्यांनी हे कलम अवश्य वाचावे. दोन-तीनशे डॉलरच्या दस्त्यासाठी कोणी न्यायालयाची पायरी चढत नाही हे खरे. पण बनावट बोली ईबेसह सर्वत्र निषिद्धच आहे, आणि ग्राहकांची झाकलेली नावे, त्यांचे पत्ते, त्यांची संगणकीय ओळख संकेतस्थळाच्या तक्रार विभागाला दिसते, आपल्याला दिसत नाही. म्हणून तक्रारीत आरोपांची आतषबाजी न करता लिलावाचा क्रमांक, संशयित नावांची दिसणारी अक्षरे, बोलींच्या वेळा आणि त्याच विक्रेत्याच्या अन्य लिलावांचे क्रमांक एवढेच ओळीने द्यावे. संशय आला त्याच दिवशी बोलींच्या इतिहासाच्या पानाची आणि छायाचित्रांची प्रत आपल्या संगणकावर उतरवून ठेवा. तीन महिन्यांनी ते पान शोधू गेलात, तर ते तेथे असेलच असे नाही.